मजकुरातली तारीख वाचणे: वापरकर्त्याच्या इनपुटपासून खात्रीच्या नोंदीपर्यंत

वापरकर्त्याने मोकळ्या चौकटीत टाइप केलेली तारीख पार्स करणे, म्हणजे त्या मजकुराचे प्रोग्रॅमला समजणाऱ्या तारखेत रूपांतर करणे, हे वरवर एका ओळीचे काम वाटते. बहुतेक भाषांमध्ये त्यासाठी तयार फंक्शन असते, ते वापरले की उत्तर मिळते आणि आपण पुढच्या कामाला लागतो. अडचण अशी आहे की उत्तर चुकले तरी ते बरोबर उत्तरासारखेच दिसते. ५ मार्चच्या जागी ३ मे आला, तर तीही खरीखुरीच तारीख असते आणि कोणतीही एरर न येता ती डेटाबेसमध्ये जाऊन बसते. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे माझा एकच आग्रह आहे: तारीख निःसंदिग्धपणे ओळखता आली नाही तर ती नाकारावी किंवा पुन्हा विचारावी, पण अंदाजाने कधीही स्वीकारू नये.

या आग्रहामागे स्वतःचा अनुभव आहे. काही हजार नोंदींची एक यादी मी एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत नेत होतो. मूळ यादीत तारखा दिवस, महिना, वर्ष अशा क्रमाने होत्या आणि मी वापरलेली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संग्रह, महिना आधी धरून चालणारी होती. तपासणीसाठी मी पहिल्या वीस ओळी नजरेखालून घातल्या. त्या सगळ्या महिनाअखेरच्या होत्या, म्हणजे पहिला आकडा १२ पेक्षा मोठा होता. अशा वेळी ती लायब्ररी मुकाट्याने क्रम बदलून दिवस आधी धरत असे, त्यामुळे त्या ओळी अचूक उतरल्या आणि बाकी यादीत मात्र महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या तारखा उलटल्या. काही नोंदी अजून न उजाडलेल्या महिन्यांत दिसू लागल्या, तेव्हा चूक लक्षात आली. तोवर नव्या फॉर्ममधून बरोबर भरलेल्या तारखाही त्याच रकान्यात मिसळल्या होत्या, त्यामुळे सरसकट उलटापालट करून दुरुस्ती करण्याचा मार्गही बंद झाला होता.

या संदिग्धतेचा आवाका नेमका मोजता येतो. दिवस आणि महिना दोन्ही १ ते १२ च्या दरम्यान असतील अशा जोड्या १४४ होतात. त्यांतल्या १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा बारा जोड्या कोणत्याही क्रमाने वाचल्या तरी सारख्याच राहतात. उरलेले १३२ दिवस, म्हणजे वर्षाच्या एक तृतीयांशाहून जास्त दिवस, आकड्यांत लिहिले की दोन प्रकारे वाचता येतात.

पुढची मुख्य उदाहरणे पायथॉनमधली आहेत. इतर भाषांचे वर्तन जिथे वेगळे आणि धोक्याचे आहे, तिथे त्यांचा उल्लेख केला आहे. उदाहरणांतले आकडे देवनागरीत छापले असले तरी प्रोग्रॅमच्या दृष्टीने ते इंग्रजी अंक समजावेत. जिथे खरोखर देवनागरी अंकांविषयी बोलायचे आहे, तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

पहिली पायरी: नेमके काय विचारायचे ते ठरवणे

कोड लिहिण्याआधी या रकान्यात केवळ तारीख हवी आहे, तारीख आणि वेळ हवी आहे, की फक्त महिना आणि वर्ष पुरेसे आहे, हे ठरवावे. जन्मतारीख ही निव्वळ तारीख असते, तिला टाइमझोन नसतो. एखादा व्यवहार झाल्याचा क्षण ही वेगळ्या जातीची गोष्ट आहे. या दोन्हींसाठी एकच प्रकार वापरला की पुढे काय होते, ते शेवटाकडे पाहू.

संदिग्धता इनपुटच्या जागीच टाळता आली तर उत्तम. ब्राउझरमधले तारीख प्रकाराचे इनपुट पडद्यावर तारीख कोणत्याही क्रमाने दाखवो, प्रोग्रॅमला ती नेहमी वर्ष-महिना-दिवस अशाच रूपात देते. जन्मतारखेसाठी मात्र कॅलेंडरमध्ये अनेक दशके मागे जाणे त्रासाचे असते, तिथे दिवस, महिना आणि वर्ष यांच्या तीन स्वतंत्र चौकटी अधिक सोयीच्या ठरतात. एकच मोकळी चौकट ठेवायची असेल, तर तिच्याजवळ नमुना द्यावा आणि त्या नमुन्यातला दिवस १२ पेक्षा मोठा असावा. ‘२७/०३/१९९१’ हा नमुना क्रम स्पष्ट करतो. ‘०५/०३/१९९१’ हा नमुना काहीच सांगत नाही.

दुसरी पायरी: मजकूर स्वच्छ करणे

दुसरीकडून कॉपी करून आणलेल्या मजकुरात डोळ्यांना न दिसणारी बरीच चिन्हे असतात. न तुटणारी जागा, शून्य रुंदीची जागा, लेखनाची दिशा दाखवणारे अदृश्य चिन्ह यांपैकी एखादे जरी आत राहिले, तरी पडद्यावर अगदी बरोबर दिसणारी तारीख नाकारली जाते आणि वापरकर्ता हतबल होतो. युनिकोड म्हणजे सर्व लिपींच्या चिन्हांची जागतिक संहिता, आणि लोकेल म्हणजे भाषा-प्रदेशानुसार तारीख, वेळ इत्यादी लिहिण्याची पद्धत. युनिकोडच्या सीएलडीआर या लोकेल-माहितीच्या ४२ व्या आवृत्तीत, २०२२ मध्ये, इंग्रजी वेळेतल्या एएम-पीएमच्या आधीची साधी जागा बदलून न तुटणारी अरुंद जागा करण्यात आली, तेव्हा ही माहिती वापरणाऱ्या अनेक प्रणालींमधले चांगले चालणारे पार्सिंग अचानक मोडले होते. म्हणून सर्व प्रकारच्या मोकळ्या जागांची एक साधी जागा करावी, अदृश्य चिन्हे काढून टाकावीत आणि लांब डॅश किंवा गणिती वजाचिन्ह यांच्या जागी साधा हायफन ठेवावा.

आता देवनागरी अंक. पायथॉनचे इंट फंक्शन देवनागरी अंकांतली संख्या बिनतक्रार वाचते, जावास्क्रिप्टचे नंबर फंक्शन तेच अंक दिल्यावर ‘संख्या नाही’ असे उत्तर देते. युनिकोडचे एनएफकेसी हे सामान्यीकरण, म्हणजे एकाच चिन्हाची वेगवेगळी रूपे एका रूपात आणण्याची प्रक्रिया, लावले की सगळे अंक इंग्रजी होतात, असा एक समज आढळतो. तो चुकीचा आहे. पूर्ण रुंदीचे अंक त्याने बदलतात, देवनागरी अंक तसेच राहतात. त्यामुळे शून्य ते नऊ या दहा अंकांचे रूपांतर स्वतःच्या तक्त्याने करणे हाच सरळ मार्ग आहे, आणि ते पार्सिंगच्या आधी एकाच ठिकाणी करावे.

तिसरी पायरी: मान्य साच्यांची यादी

आपण कोणते साचे, म्हणजे तारीख लिहिण्याचे कोणते नमुने, स्वीकारतो, याची छोटी आणि स्पष्ट यादी हवी. पायथॉनच्या डेटटाइम मॉड्यूलमधले स्ट्रपटाइम हे फंक्शन मजकूर आणि साचा घेते. साच्यात टक्काचिन्हानंतरचा स्मॉल डी म्हणजे दिवस, स्मॉल एम म्हणजे महिना, कॅपिटल वाय म्हणजे चार अंकी वर्ष आणि स्मॉल वाय म्हणजे दोन अंकी वर्ष. हे फंक्शन पुरेसे कडक आहे: साच्यात न बसणारा मजकूर आला, किंवा तारीख वाचून झाल्यावर काही अक्षरे उरली, तर ते व्हॅल्यूएरर नावाची एरर देते. ‘५/३/२०२४’ मध्ये आधीचे शून्य नसले तरी ते चालवून घेते, आणि वापरकर्त्यासाठी ते सोयीचेच आहे.

सर्वसाधारण रीत अशी की साचे एकामागून एक लावून पाहावेत आणि पहिला जो जुळेल त्याचे उत्तर घ्यावे. ही रीत मी टाळतो, कारण तिच्यात यादीचा क्रमच गुपचूप निर्णय घेतो. त्याऐवजी सगळे साचे लावून वेगवेगळी उत्तरे गोळा करावीत आणि मग किती उत्तरे मिळाली ते पाहावे. रूपरेषा पुढीलप्रमाणे:

तारीख_वाच (मजकूर, साचे):
    स्वच्छ = मजकूर_स्वच्छ_कर (मजकूर)
    उत्तरे = रिकामा संच
    साचे यादीतल्या प्रत्येक साच्यासाठी:
        स्वच्छ मजकूर त्या साच्याने वाचून पाहा
        जुळला तर मिळालेली तारीख उत्तरे संचात टाक
        व्हॅल्यूएरर आली तर पुढच्या साच्याकडे जा
    उत्तरे संचात काहीच नसेल तर: ‘ओळखता आली नाही’
    एकच तारीख असेल तर: ती परत दे
    एकाहून जास्त असतील तर: ‘संदिग्ध’, आणि सगळे पर्याय परत दे

समजा दिवस आधी आणि महिना आधी, असे दोन्ही साचे यादीत आहेत. ‘२७/०३/२०२४’ दिल्यावर दुसरा साचा २७ वा महिना सापडत नसल्यामुळे अपयशी ठरतो आणि एकच उत्तर उरते. ‘०४/०४/२०२४’ दिल्यावर दोन्ही साचे जुळतात, पण दोघांचे उत्तर ४ एप्रिल हेच असल्यामुळे संचात एकच तारीख राहते. ‘०५/०३/२०२४’ दिल्यावर मात्र ५ मार्च आणि ३ मे अशा दोन तारखा जमा होतात आणि फंक्शन निर्णय घ्यायला नकार देते. संचात एकच तारीख दोनदा राहत नाही; उत्तरे यादीत न ठेवता संचात ठेवण्याचे कारण हेच आहे. वापरकर्त्यांची पद्धत एकच असल्याची खात्री असेल, तर त्या एकाच क्रमाचा साचा ठेवावा आणि पानावर तो क्रम स्पष्ट लिहावा.

विभाजक, म्हणजे तिरकी रेघ किंवा हायफन, नसलेल्या मजकुराबाबत विशेष जपावे. ‘१११२०२४’ हे सात अंक दिवस-महिना-वर्ष या साच्याने वाचले, तर स्ट्रपटाइम ११ जानेवारी २०२४ असे उत्तर देते. लिहिणाऱ्याच्या मनात १ नोव्हेंबर असू शकतो, पण तसा इशाराही मिळत नाही. म्हणून सलग अंक स्वीकारायचे असतील, तर ते बरोबर आठ आहेत का, हे आधी तपासावे.

इतर भाषांमध्ये विभाजकालाही अर्थ असू शकतो. पीएचपीचे स्ट्रटोटाइम तिरकी रेघ दिसली की महिना आधी धरते आणि हायफन दिसला की दिवस आधी धरते. जावामध्ये साच्यातला कॅपिटल एम महिन्याचा आणि स्मॉल एम मिनिटांचा असतो. तिथला कॅपिटल वाय आठवड्यावर आधारलेल्या वर्षाचा असतो आणि डिसेंबरच्या शेवटच्या काही दिवसांत तो पुढचे वर्ष दाखवू शकतो. वर्षातले बहुतेक दिवस तो बरोबर चालत असल्यामुळे ही चूक टेस्टमधून निसटते.

महिन्यांची नावे

महिना अक्षरांत लिहिला की क्रमाचा प्रश्न सुटतो, म्हणून असे साचे जरूर स्वीकारावेत. पण पायथॉनमध्ये महिन्याच्या नावाचा साचा चालू लोकेलवर अवलंबून असतो आणि लोकेल संपूर्ण प्रोसेससाठी, म्हणजे चालू असलेल्या अख्ख्या प्रोग्रॅमसाठी, एकच असते, त्यामुळे एका वापरकर्त्यासाठी ते बदलणे म्हणजे त्याच वेळी चालू असलेल्या इतर सगळ्यांसाठी बदलणे होय. याहून स्वतःचा शब्दकोश केव्हाही बरा. इंग्रजी नावे स्मॉल अक्षरांत आणून आणि शेवटचे टिंब काढून ठेवावीत, सप्टेंबरची तीन आणि चार अक्षरी अशी दोन्ही संक्षिप्त रूपे घ्यावीत.

मराठी नावांसाठी शब्दलेखनाचे प्रकार पदरात घ्यावे लागतात: फेब्रुवारी आणि फेब्रूवारी, सप्टेंबर आणि सप्टेम्बर. यातला सर्वांत फसवा प्रकार ‘ऑगस्ट’ आणि ‘ऑक्टोबर’ यांच्या पहिल्या अक्षराचा आहे. ‘ऑ’ हे एकच युनिकोड चिन्ह आहे, पण काही जण आधी ‘आ’ आणि मग त्यावर अर्धचंद्र असे टाइप करतात. पडद्यावर दोन्ही रूपे जवळजवळ सारखीच दिसतात, तरीही युनिकोड त्यांना समान मानत नाही, त्यामुळे सामान्यीकरण करूनही ती एक होत नाहीत. शब्दकोशात शोधण्यापूर्वी हा बदल स्वतः करावा लागतो.

दोन अंकी वर्ष आणि गाळलेले वर्ष

स्ट्रपटाइम दोन अंकी वर्षासाठी ठरलेला नियम पाळते: ६९ ते ९९ म्हणजे १९६९ ते १९९९, आणि ०० ते ६८ म्हणजे २००० ते २०६८. या नियमाने १९६२ मध्ये जन्मलेल्या माणसाने ‘१५/०८/६२’ लिहिले की त्याचा जन्म २०६२ मध्ये होतो. डेटयुटिल ही लायब्ररी चालू वर्षाच्या अलीकडच्या-पलीकडच्या पन्नास वर्षांत बसणारे शतक निवडते, म्हणजे तोच मजकूर काही वर्षांनी वेगळे उत्तर देऊ शकतो: ‘७०’ हे वर्ष तिने २०१९ मध्ये १९७० असे वाचले असते आणि २०२५ मध्ये २०७० असे. शतक ठरवण्याचा अधिकार लायब्ररीकडे न सोडता रकान्याच्या अर्थाकडे द्यावा. जन्मतारीख भविष्यातली असू शकत नाही, मुदत संपण्याची तारीख सहसा काही वर्षेच पुढे असते. या ज्ञानावरून शतक ठरत असेल तर ठरवावे, नसेल तर चार अंकी वर्षाची सक्ती करावी. नव्या फॉर्ममध्ये मी सरळ सक्तीच करतो.

वर्ष मुळीच दिले नसेल तर पायथॉन १९०० हे वर्ष धरते. १९०० हे लीप वर्ष नव्हते, त्यामुळे ‘२९ फेब्रुवारी’ एवढेच वाचायला दिले की एरर येते. उरलेले ३६५ दिवस बिनबोभाट चालणारा कोड त्या एका दिवशी कोसळतो. पायथॉन ३.१३ पासून वर्षाशिवाय दिवस वाचणाऱ्या साच्यांवर धोक्याची सूचना दिली जाते. यावरचा उपाय असा की आधी रकान्याच्या अर्थावरून वर्ष ठरवावे, ते मजकुराला जोडावे आणि मगच पार्स करावे.

चौथी पायरी: अस्तित्वात नसलेल्या तारखा

३१ फेब्रुवारी आली की पायथॉन ती नाकारते, पण सगळ्या भाषा तशा वागत नाहीत. जावास्क्रिप्टच्या डेट ऑब्जेक्टला २०२३, फेब्रुवारी आणि ३१ हे आकडे दिले, तर ते ३ मार्च २०२३ असे उत्तर देते. तिथे महिने शून्यापासून मोजले जातात, हेही लक्षात ठेवावे लागते. जावाचा जुना सिंपलडेटफॉरमॅट हा वर्गही मूळ स्थितीत असाच पुढच्या महिन्यात सरकतो. २०१४ मध्ये जावा ८ सोबत आलेली नवी तारीख-प्रणाली पुष्कळ चांगली आहे, पण तिचा मूळचा ‘स्मार्ट’ पवित्रा ३१ फेब्रुवारीला महिन्याच्या शेवटच्या दिवसावर आणून ठेवतो. खरा नकार हवा असेल, तर ‘स्ट्रिक्ट’ पवित्रा निवडावा लागतो आणि साच्यात वर्षासाठी स्मॉल वायऐवजी स्मॉल यू हे अक्षर वापरावे लागते.

भाषा कोणतीही असो, एक तपासणी सर्वत्र उपयोगी पडते. तयार झालेल्या तारखेतून दिवस, महिना आणि वर्ष पुन्हा काढावेत आणि वापरकर्त्याने दिलेल्या आकड्यांशी ताडून पाहावेत. कोणताही आकडा बदललेला आढळला, तर तारीख सरकली आहे, ती नाकारावी. त्यानंतर रकान्याला साजेशी मर्यादा तपासावी. जन्मवर्ष २५६७ आले, तर कदाचित वापरकर्त्याने बौद्ध कालगणनेतले वर्ष लिहिले असेल, कारण ते ५४३ ने पुढे असते. मर्यादा घातलेली असेल तर हे लगेच कळते.

सापेक्ष शब्द

‘आज’, ‘काल’, ‘उद्या’ हे शब्द स्वीकारायचे असतील, तर आजची तारीख पार्सिंगच्या फंक्शनने स्वतः शोधू नये, ती त्याला बाहेरून द्यावी. एक तर त्यामुळे टेस्ट लिहिता येतात, आणि दुसरे म्हणजे ‘आज’ कोणाचा, हा प्रश्न विचारणे भाग पडते. सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालत असेल आणि वापरकर्ता यूटीसीच्या पुढच्या टाइमझोनमध्ये असेल, तर त्याच्या पहाटे सर्व्हरवर अजून कालचाच दिवस असतो.

सापेक्ष शब्दांत भाषेची स्वतःची संदिग्धताही असते. मराठीत ‘परवा’ म्हणजे कालच्या आदला दिवसही आणि उद्यानंतरचा दिवसही; बोलताना क्रियापदावरून अर्थ लागतो, पण चौकटीत एकटा आलेला ‘परवा’ तसा लावता येत नाही. ‘पुढच्या शुक्रवारी’ म्हणजे येता शुक्रवार की त्यानंतरचा, यावर दोन माणसांचे एकमत होईलच असे नाही. असे शब्द आले तर दोन्ही तारखा वारासह समोर ठेवून विचारावे.

जे तारीख म्हणून मागितलेलेच नाही, त्यात तारीख शोधण्याचा उत्साह टाळावा. स्प्रेडशीट प्रोग्रॅम काही मानवी जनुकांची नावे आपोआप तारखा समजून बदलत असत. अखेर २०२० मध्ये जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने नावेच बदलली आणि ‘सेप्ट-१’ चे ‘सेप्टिन-१’ झाले. मोकळ्या वाक्यातून तारीख हुडकणाऱ्या लायब्रऱ्या सूचना सुचवण्यासाठी वापराव्यात, परस्पर नोंद करण्यासाठी नव्हे.

फाइलमधून येणाऱ्या तारखा

फाइल आयात करताना विचारायला समोर कोणी नसते, पण संपूर्ण रकाना एकत्र पाहता येतो. रकान्यात कुठेही पहिला आकडा १२ पेक्षा मोठा असेल, तर दिवस आधी आहे; दुसरा आकडा कुठे मोठा असेल, तर महिना आधी आहे. दोन्ही आढळले, तर फाइलमध्ये दोन पद्धती मिसळल्या आहेत आणि आयात तिथेच थांबवावी. दोन्हींपैकी काहीच आढळले नाही, तर फाइल देणाऱ्याला विचारावे. पांडाज ही लायब्ररी २०२३ च्या २.० आवृत्तीपासून पहिल्या भरलेल्या ओळीवरून साचा ओळखते आणि तोच सगळ्या रकान्याला लावते. आधीच्या ओळीगणिक अंदाजापेक्षा हे नक्कीच सुरक्षित आहे, तरीही साचा आपण स्वतः सांगणे हेच योग्य.

साठवण आणि संवाद

निव्वळ तारीख ही तारीख म्हणूनच साठवावी, मध्यरात्रीचा क्षण म्हणून नव्हे. जावास्क्रिप्टमध्ये ‘२०२४-०३-०५’ एवढाच मजकूर दिला, तर तो यूटीसीची मध्यरात्र मानला जातो आणि यूटीसीच्या मागे असलेल्या टाइमझोनमध्ये तीच तारीख ४ मार्च दिसते. मजकुराच्या रूपात ठेवायची असेल, तर १९८८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ८६०१ या मानकाचे वर्ष-महिना-दिवस हे रूप वापरावे. त्यात अक्षरक्रमाने लावलेली यादी कालक्रमानेही लागते. शेजारच्या रकान्यात वापरकर्त्याचा मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवावा. माझ्या त्या उलटलेल्या यादीत हा एक रकाना असता, तर दुरुस्ती तासाभरात झाली असती.

एरर दाखवताना ‘अवैध तारीख’ एवढेच म्हणू नये. ‘एप्रिल महिना ३० दिवसांचा असतो, कृपया दिवस तपासा’ या वाक्याने वापरकर्ता चूक लगेच सुधारू शकतो. तारीख स्वीकारली तरी ती महिन्याच्या नावासह आणि वारासह परत दाखवावी. ‘५ मार्च २०२४, मंगळवार’ असे समोर आले, की ज्याच्या मनात ३ मे, शुक्रवार होता, तो तिथेच थांबतो.

टेस्ट लिहिताना २९ फेब्रुवारी ही तारीख २०२४, २०२३, २००० आणि १९०० या चारही वर्षांसाठी तपासावी. पहिली आणि तिसरी स्वीकारली गेली पाहिजे, बाकीच्या दोन नाकारल्या गेल्या पाहिजेत. ३१ एप्रिल, शून्य दिवस, तेरावा महिना, रिकामा मजकूर आणि न तुटणारी जागा चिकटलेली तारीख यांचीही टेस्ट हवी. त्याखेरीज सलग चार वर्षांचे १४६१ दिवस एकेक करून प्रत्येक मान्य साच्यात लिहावेत आणि तो साचा एकटाच यादीत ठेवून पुन्हा वाचावेत; तीच तारीख परत आली पाहिजे. मग परस्परविरोधी क्रमाचे साचे एकत्र ठेवून हीच फेरी चालवावी आणि प्रत्येक साध्या वर्षात ‘संदिग्ध’ हे उत्तर बरोबर १३२ वेळा येते का, ते मोजावे.